हेर एक, नट सहा : जेम्स बाँड चित्रपटमालिकेविषयीच्या चाहत्यांच्या मतांचा आढावा

इयान फ्लेमिंग या ब्रिटिश लेखकाने १९५३ मध्ये ‘कॅसिनो रॉयाल’ या कादंबरीतून जेम्स बाँड हा गुप्तहेर वाचकांपुढे आणला, ऑक्टोबर १९६२ मध्ये ‘डॉ. नो’ या चित्रपटातून तो पडद्यावर आला आणि २०२१ च्या ‘नो टाइम टु डाय’पर्यंत इऑन प्रॉडक्शन्स या एकाच निर्मितीसंस्थेने त्याच्यावर २५ चित्रपट काढले. या २५ चित्रपटांनाच चाहते ‘अधिकृत’ मालिका मानतात. १९६७ चा विडंबनपर ‘कॅसिनो रॉयाल’ आणि १९८३ चा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ हे दोन चित्रपट अन्य निर्मात्यांचे असल्याने ते या गणनेबाहेर राहतात. शॉन कॉनरी, जॉर्ज लेझन्बी, रॉजर मूर, टिमथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन आणि डॅनियल क्रेग या सहा नटांनी एकच भूमिका जवळजवळ साठ वर्षे चालवली असल्यामुळे ‘सर्वांत चांगला बाँडपट कोणता’ या प्रश्नाभोवती मतांचा मोठा साठा जमला आहे. या मतांची छाननी करताना असे आढळते की, वाद वरवर नटाविषयीचा वाटला तरी त्याच्या मुळाशी दोन गोष्टी असतात : चाहत्याला चित्रपट कोणत्या वाटेने आणि कोणत्या स्वरूपात भेटला, आणि इतकी दीर्घ चाललेली मालिका आपल्या नायकाला बदलू, थकू किंवा मरू देऊ शकते की नाही.

पहिली गोष्ट समजून घेण्यासाठी मीरा-भाईंदरसारखे शहर उपयोगी पडते. साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीच्या अलीकडे वसलेल्या या शहराची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख होती, ती २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली, आणि दरम्यान २००२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. इतक्या वेगाने वाढलेल्या वस्तीत एकाच पिढीचे, एकाच चित्रपटगृहात घडलेले प्रेक्षक सापडणे शक्य नसते. कोणी गिरणगावातून किंवा गिरगावातून आलेला असतो, कोणी कोकणातून, कोणी गुजरात-राजस्थानातून; जुन्या मुंबईकराने कॉनरीला चर्चगेट परिसरातील मोठ्या पडद्यावर पाहिलेले असते, नव्वदच्या दशकात येथे लहानाचा मोठा झालेल्या मुलाने त्याला केबलवरील इंग्रजी चित्रपटवाहिनीवर जाहिरातींच्या मधून पाहिलेले असते, तर मीरा रोडच्या कनकिया भागातील सिनेमॅक्स किंवा भाईंदर पश्चिमेचे मॅक्सस यांसारखी बहुपडदा चित्रपटगृहे नव्या शतकात उभी राहिल्यावर घडलेल्या प्रेक्षकाचा बाँड हा बहुधा क्रेगच असतो. म्हणून या शहरातल्या दोन चाहत्यांचे मत जुळत नाही तेव्हा त्यांच्या अभिरुचीत अंतर असेलच असे नाही. पुष्कळदा दोघांनी पाहिलेली मालिकाच निराळी असते.

या वाटा मुळातच तुटक होत्या. भारत सरकार आणि अमेरिकेतील मोठ्या चित्रपट कंपन्यांची निर्यात संघटना यांच्यातील करार १९७१ मध्ये संपला आणि १९७५ च्या सुमारास नवी तडजोड होईपर्यंत हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांचे नवे चित्रपट येथे येणे जवळपास थांबले. कॉनरी जाऊन मूर येण्याचा, म्हणजे मालिकेतील पहिल्या मोठ्या सत्तांतराचा काळ नेमका हाच आहे. हे सत्तांतर लंडनच्या प्रेक्षकाने एका सलग क्रमाने पाहिले, तर मुंबईच्या प्रेक्षकापर्यंत ते उशिरा आणि मागेपुढे होत पोहोचले. पुढे १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या सुमारास आलेली व्हिडिओ कॅसेट आणि १९९१ नंतरची उपग्रहवाहिनी यांनी तर क्रम पूर्णच मोडला. मालिकेच्या इतिहासाविषयीच्या अनेक पाश्चात्त्य मतांचा, उदाहरणार्थ मूर हा कॉनरीच्या मानाने उतरता काळ होता या मताचा, येथे तितकासा प्रभाव दिसत नाही, त्याचे हे एक साधे कारण आहे. ज्याने दोघांना एकाच उन्हाळी सुट्टीत पाहिले, त्याच्यासाठी चढ-उतार असा काही नसतोच.

कॉनरीविषयी मात्र सर्व बाजूंचे बरेचसे एकमत आहे. त्याच्या सहा अधिकृत चित्रपटांपैकी ‘गोल्डफिंगर’ हा १९६४ चा चित्रपट साचा ठरवणारा मानला जातो : श्रेयनामावलीच्या आधी येणारा, मुख्य कथेशी सैल नाते असणारा साहसप्रसंग, शस्त्रे लपवलेली अ‍ॅस्टन मार्टिन मोटार, विक्षिप्त खलनायक आणि त्याचा मूक, बलदंड हस्तक. ‘गोल्डफिंगर’ला पहिला क्रमांक देणारे चाहते मालिकेकडून या साच्याच्या कुशल पुनरावृत्तीची अपेक्षा करतात. त्याच्या आदल्या वर्षीचा ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ वर ठेवणाऱ्यांना मात्र हेरगिरी हवी असते. पाळत, फसवणूक, संकेतयंत्र, आणि आगगाडीच्या डब्यातील ती अरुंद जागेतली मारामारी, जिच्यात उपकरणांपेक्षा माणसाचा जीव जास्त पणाला लागलेला दिसतो. प्रस्तुत आढाव्यात दुसऱ्या मताला अधिक वजन द्यावेसे वाटते, कारण त्या चित्रपटातील धोका आजही खरा वाटतो, तर ‘गोल्डफिंगर’मधील तबेल्यातला, नायिकेच्या नकाराला न जुमानणारा प्रसंग आज पाहताना त्या चित्रपटाचे निष्ठावंत चाहतेही अस्वस्थ होतात.

मतपरिवर्तनाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे १९६९ चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’. लेझन्बी हा ऑस्ट्रेलियन मॉडेल होता, अभिनयाचा अनुभव त्याच्याकडे नव्हता आणि एकाच चित्रपटानंतर त्याने भूमिका सोडली. कॉनरीची सवय झालेल्या प्रेक्षकांनी त्याला तेव्हा थंडपणे घेतले आणि पुष्कळ वर्षे हा चित्रपट मालिकेतील अपघात मानला गेला. आज मात्र जाणते चाहते त्याला पहिल्या पाचांत बसवतात. यामागची कारणे तपासण्यासारखी आहेत. आधीच्या बाँडपटांचे संकलन करणाऱ्या पीटर हंट यांनी तो दिग्दर्शित केला, मूळ कादंबरीशी तो कमालीचा प्रामाणिक राहिला, डायना रिग यांच्या रूपाने त्याला नायकाच्या तोडीची नायिका मिळाली, आणि लग्नानंतर काही वेळातच पत्नीचा खून झालेला बाँड त्याने पडद्यावर दाखवला. नायकाला दुःख होऊ शकते ही कल्पना १९६९ च्या प्रेक्षकाला नको होती. क्रेगच्या चित्रपटांनी ती रुजवल्यावर जुन्या चित्रपटाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, आणि ‘नो टाइम टु डाय’ने त्यातील लुई आर्मस्ट्राँग यांचे गीत पुन्हा वापरून हे ऋण उघडपणे मान्य केले. मालिकेतील नंतरचे चित्रपट आधीच्यांचे मूल्य असे बदलतात, म्हणून चाहत्यांची कोणतीही क्रमवारी त्या त्या वर्षापुरतीच वाचावी लागते.

एकाच भूमिकेतील अनेक नटांची तुलना करणे ही मराठी प्रेक्षकाला नवी गोष्ट नाही. कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’मधील अप्पा बेलवलकर १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केले, पुढे दत्ता भट आणि इतरांनी ते केले, आणि कोणाच्या बेलवलकरांत काय अधिक होते याची चर्चा घराघरांत अनेक वर्षे चालली. त्या चर्चेत भूमिका ही नटाहून मोठी वस्तू आहे हे गृहीत धरलेले असते. नट येतो, भूमिकेला काही देतो आणि जातो. बाँडविषयीच्या मराठी चाहत्यांच्या बोलण्यात ‘मूरचा बाँड’, ‘क्रेगचा बाँड’ अशी जी रचना सहज येते, तिच्यामागे रंगभूमीवरची ही सवय असावी. मात्र एक भेद ध्यानात ठेवायला हवा. ‘नटसम्राट’ची संहिता बदलत नाही, त्यामुळे तुलना नटांपुरती राहते, बाँडच्या बाबतीत नटाबरोबर संहिता, दिग्दर्शक आणि काळाची रुची हे सारेच बदलते, आणि ‘डाल्टन चांगला नव्हता’ या वाक्यात पुष्कळदा १९८९ च्या पटकथेवरचा रोष दडलेला असतो.

दुसरा देशी संस्कार रहस्यकथेचा आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळा पहाड यांसारखे नायक मराठी घरांत नेले. गुरुनाथ नाईकांनी बाराशेच्या आसपास कथा लिहिताना कॅप्टन दीपसारखा लष्करी बाण्याचा नायक दिला. भाड्याच्या वाचनालयातून रोज एक पुस्तक आणून वाचणाऱ्या त्या वाचकाला नायकाकडून एक अलिखित हमी मिळालेली असे : संकट नवे असेल, पण नायक तोच असेल आणि शेवटी तो शाबूत असेल. हा वाचकच पुढे बाँडपटांचा प्रेक्षक झाला. रॉजर मूर येथे इतका आपला का वाटला, याचे उत्तर बऱ्याच अंशी या हमीत आहे. मूरच्या सात चित्रपटांत, विशेषतः १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मध्ये, संकट कितीही मोठे असले तरी नायकाच्या भुवईपलीकडे काही हलत नाही. साहस, विनोद, प्रणय आणि निसर्गदृश्ये यांची त्यात असलेली मांडणी हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला ओळखीची होती. ‘स्टार वॉर्स’च्या यशामागोमाग १९७९ मध्ये बाँडला अंतराळात नेणारा ‘मूनरेकर’ पाश्चात्त्य चाहत्यांच्या याद्यांत तळाशी असतो. ज्यांनी तो बालपणी पाहिला त्यांना तो अजूनही तितका वाईट वाटत नाही, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मूरच्याच १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’विषयी मात्र वाद घालायला हवा. भारतात चित्रित झालेला हा एकमेव अधिकृत बाँडपट. उदयपूरचा लेक पॅलेस, सज्जनगड आणि पिचोला तलाव त्यात दिसतात, कबीर बेदी यांनी खलनायकाचा धिप्पाड हस्तक गोविंदा साकारला, आणि टेनिसपटू विजय अमृतराज बाँडच्या सहकाऱ्याच्या भूमिकेत आले. येथील चाहत्यांत त्याच्याविषयी दोन मते आहेत. एक मत अभिमानाचे : जगभर पाहिल्या जाणाऱ्या मालिकेत रिक्षांचा पाठलाग रंगला, भारतीय नटांना ठसठशीत कामे मिळाली, आणि बेदी यांचा विमानाच्या पाठीवरचा अखेरचा संघर्ष मालिकेतील चांगल्या साहसदृश्यांत मोडतो. दुसरे मत संतापाचे : गारुडी, खिळ्यांची शय्या, निखाऱ्यांवर चालणारा, तलवार गिळणारा अशी सारी जत्रा एकाच रस्त्यावर भरवली आहे, आणि जिंकलेल्या नोटांचे पुडके भारतीय सहकाऱ्याच्या हाती देताना बाँड त्याच्या जेवणावरून एक हिणकस विनोद करतो. हे दुसरे मत अधिक न्याय्य आहे. मालिकेने जमैका, जपान, इजिप्त यांनाही पर्यटकाच्या नजरेनेच पाहिले हे खरे असले, तरी त्यामुळे अपमान सौम्य होत नाही. उलट जपानवरील १९६७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’कडे भारतीय चाहत्याने तितक्याच कठोरपणे पाहावे अशी जबाबदारी त्याच्यावर येते, आणि ती फारशी पाळली जात नाही.

‘ऑक्टोपसी’नंतर मालिका भारतात परतण्याची एक शक्यता निर्माण झाली होती. ‘स्कायफॉल’च्या आरंभीच्या आगगाडीवरील प्रसंगासाठी २०११ मध्ये गोवा आणि अहमदाबाद यांचा विचार झाला, रेल्वेच्या परवानगीची आणि तिच्या अटींची चर्चा वृत्तपत्रांतून झाली, आणि अखेर ते चित्रीकरण तुर्कस्तानात झाले. येथील चाहत्यांना त्याची हळहळ वाटली, पण ‘ऑक्टोपसी’ची आठवण असलेल्यांना थोडे हायसेही वाटले असल्यास नवल नाही.

डाल्टनच्या दोन चित्रपटांचा निवाडा लवकर करता येतो. ‘लायसन्स टु किल’ हा १९८९ चा सूडपट तेव्हा अति कठोर वाटला, नंतर हक्कांच्या कायदेशीर भांडणात सहा वर्षे गेली, आणि क्रेगच्या यशानंतर ‘डाल्टन काळाच्या आधी आला’ हे मत जवळपास सर्वमान्य झाले. ब्रॉस्ननविषयीही फारसा मतभेद नाही : १९९५ चा ‘गोल्डनआय’ उत्तम, २००२ च्या ‘डाय अनदर डे’मधील अदृश्य मोटार अक्षम्य. शीतयुद्ध संपल्यावर बाँडची गरज काय, हा प्रश्न ‘गोल्डनआय’ने जुडी डेंच यांच्या ‘एम’च्या, म्हणजे बाँडच्या वरिष्ठ अधिकारी स्त्रीच्या, तोंडून विचारला, स्त्रीपात्रांच्या संदर्भात मालिकेने स्वतःची केलेली ती पहिली गंभीर झडती होती.

क्रेगची निवड २००५ मध्ये जाहीर झाली तेव्हा सोनेरी केसांचा बाँड नको म्हणून चाहत्यांनी बहिष्काराची भाषा केली, आणि २००६ चा ‘कॅसिनो रॉयाल’ पाहिल्यावर त्यांतील बहुतेकांनी शब्द मागे घेतले. हा चित्रपट ‘रिबूट’ होता, म्हणजे आधीची सारी कथा बाजूला ठेवून नायकाची कहाणी त्याच्या पहिल्या कामगिरीपासून नव्याने सांगणारा. त्यानंतर क्रेगचे पाचही चित्रपट एका सलग कथेत गुंफले गेले, आणि येथेच चाहत्यांत खरी फूट पडली. जगभर एक अब्ज डॉलर्सहून अधिक कमाई करणाऱ्या ‘स्कायफॉल’ने, जो भारतात १ नोव्हेंबर २०१२ रोजी, अमेरिकेच्याही आठवडाभर आधी लागला, बाँडचे बालपण, वय आणि थकवा दाखवला; २०१५ च्या ‘स्पेक्टर’ने सर्व खलनायकांमागे एकच माणूस आणि तोही बाँडच्या बालपणाशी जोडलेला, असा खुलासा केला. पहिल्याचे कौतुक करणारे बहुतेक चाहते दुसऱ्यावर नाराज आहेत, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे, कारण नायकाच्या मनात शिरणे वेगळे आणि साऱ्या जगाचे राजकारण त्याच्या घरच्या भांडणात कोंबणे वेगळे.

‘स्पेक्टर’च्या बाबतीत भारतीय मताला आणखी एक अडचण आहे. पहलाज निहलानी अध्यक्ष असताना चित्रपट प्रमाणन मंडळाने त्यातील चुंबनदृश्यांची लांबी निम्म्याने कमी करायला लावली. देशभर या निर्णयाची चेष्टा झाली, आणि १ जानेवारी २०१६ रोजी प्रमाणनाच्या पद्धतीचा फेरविचार करण्यासाठी श्याम बेनेगल यांची समिती नेमली गेली. चेष्टेत एक गंभीर मुद्दा हरवला. प्रणयदृश्य मध्येच तोडले की दोन पात्रांमधील विश्वास कसा वाढला हे कळत नाही, आणि ‘स्पेक्टर’मधील प्रेमकथा उथळ आहे हा येथे वारंवार ऐकू येणारा आक्षेप काही अंशी कात्रीने निर्माण केलेला असू शकतो. याच धर्तीवर २०१८ च्या ‘मिशन : इम्पॉसिबल – फॉलआउट’मधील काश्मीरविषयीचे उल्लेख आणि नकाशा भारतीय प्रतीत बदलले गेले. हेरपटाचा चाहता कथेतील तपशिलांवर जगतो. त्याच्या हाती दिलेली प्रत अपुरी असेल, तर त्याचे मतही अपुऱ्या पुराव्यावरचे ठरते, आणि यात त्याचा दोष नसतो.

‘नो टाइम टु डाय’चा वाद याहून खोल आहे. या चित्रपटाच्या अखेरीस बाँड मरतो. हा चित्रपट भारतात ३० सप्टेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा करोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रातील चित्रपटगृहे बंद होती. ती २२ ऑक्टोबरला निम्म्या आसनक्षमतेने उघडली. शेजारच्या गुजरातेत चित्रपटगृहे सुरू होती, आणि वर्सोवा पुलावरून महामार्गाने राज्याची सीमा गाठणे मीरा-भाईंदरच्या माणसाला अशक्य नव्हते, पण बहुसंख्य चाहत्यांना वाट पाहावी लागली, आणि त्या तीन आठवड्यांत शेवट काय आहे हे लपून राहणे कठीण होते. ज्या धक्क्यावर चित्रपटाची सारी रचना उभी आहे तो धक्काच येथील कित्येकांना मिळाला नाही. त्यांनी चित्रपट पाहिला तो निकाल ठाऊक असलेल्या सामन्यासारखा, आणि म्हणून त्यांच्या लक्षात धक्क्याऐवजी तयारी राहिली : पहिल्या अर्ध्या तासापासून मृत्यूकडे जाणारी पात्ररचना, बाँडच्या मुलीचे आगमन, शेवटच्या संभाषणातील संयम.

या शेवटाविरुद्धचे मत रहस्यकथेच्या वाचकाच्या हमीवर उभे आहे : बाँड मरत नाही, नट बदलतो. त्याच्या बाजूचे मत असे की, क्रेगची पाच चित्रपटांची कथा ही एक पूर्ण शोकांतिका आहे आणि तिला अंत हवाच होता. दोन्ही बाजूंना मान देऊनही असे म्हणावे लागते की, दुसरे मत क्रेगच्या चित्रपटांना न्याय देते आणि पहिले मत मालिकेला. अशा वेळी मालिकेची बाजू घेणे अधिक योग्य वाटते. साठ वर्षे सहा नटांनी वाहिलेली वस्तू सहाव्याच्या हातून संपवली गेली, तर आधीच्या पाच जणांनी तिला दिलेले अमरत्व मागे घेतल्यासारखे होते. आणि श्रेयनामावलीच्या शेवटी बाँड परत येईल असे नेहमीचे आश्वासन या चित्रपटातही दिलेले आहे, म्हणजे निर्मात्यांनाही मृत्यू पूर्णपणे मान्य नव्हता.

नट बदलूनही भूमिका टिकवण्याची ही कला किती दुर्मीळ आहे, ते हिंदी हेरपट पाहिल्यावर कळते. रविकांत नगाइच यांच्या १९६७ च्या ‘फर्ज’मध्ये जितेंद्र गोपाल उर्फ एजंट ११६ झाला, तर त्याच दिग्दर्शकाच्या १९७३ च्या ‘कीमत’मध्ये ते नाव आणि तो क्रमांक धर्मेंद्रकडे गेला, म्हणजे भूमिका हस्तांतरित करण्याचा प्रयोग येथेही झाला, पण परंपरा झाली नाही. नगाइच यांनीच पुढे ‘सुरक्षा’ आणि ‘वारदात’मध्ये मिथुन चक्रवर्तीला गनमास्टर जी-नाइन केले, आणि तो क्रमांक मिथुनबरोबरच राहिला. यशराज फिल्म्सने २०१२ च्या ‘एक था टायगर’पासून सुरू केलेल्या हेरपटांत टायगर, कबीर आणि पठाण एकमेकांच्या चित्रपटांत येतात, परंतु प्रत्येक भूमिका एकेका ताऱ्याशी बांधलेली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऐन दिवाळीत ‘टायगर ३’ लागला तेव्हा मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात प्रेक्षागारातच फटाके फोडले गेले, प्रेक्षकांची पळापळ झाली आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. तो जल्लोष सलमान खानसाठी होता. अशा चाहत्याला ‘टायगरच्या भूमिकेत दुसरा कोण शोभेल’ हा प्रश्न विचारताच येत नाही, आणि जेथे हा प्रश्न विचारता येत नाही तेथे मालिकेचे आयुष्य ताऱ्याच्या वयाएवढेच राहते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इऑन प्रॉडक्शन्सचे निर्माते बार्बरा ब्रॉकली आणि मायकल विल्सन यांनी बाँडपटांची सर्जनशील सूत्रे अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे सोपवली आणि त्याच वर्षी पुढच्या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांचे नाव जाहीर झाले. एका कुटुंबाने सहा दशके जपलेली मालिका अशा कंपनीकडे गेली आहे, जिचा स्वतःचा ओटीटी मंच आहे आणि जिला प्रत्येक पात्राची वेगळी मालिका काढण्याचा मोह होऊ शकतो. जुन्या चाहत्यांची धास्ती याच जागी आहे. तिला आधारही आहे, कारण चार-पाच वर्षांनी येणाऱ्या एका चित्रपटाची वाट पाहणे आणि दर महिन्याला नवे काही मिळणे या दोन परिस्थितींत चाहता म्हणून जगणे सारखे नसते. मीरा-भाईंदरच्या प्रेक्षकापुरता यात एक लाभ संभवतो : नव्या बाँडपटाची न कापलेली प्रत त्याला जगाबरोबर, त्याच दिवशी आणि त्याच्या पसंतीच्या भाषेत मिळू शकेल, आणि सातव्या नटाविषयीचे त्याचे मत पहिल्या सहांविषयीच्या मतांपेक्षा अधिक भक्कम पुराव्यावर उभे राहील.